आप्पांची दिवसाची झोप

"पोरी, तुझा सासरा झोपेत बंद पडतो, बरं का," असं भिकनबाबा सरूच्या बारशाला म्हणाले, तेव्हा सुषमा हसली होती.

सगळेच हसले होते. भिकनबाबा म्हणजे सुषमाचे सासरे भटूआप्पा यांचे जुने जोडीदार. दोघं विशीत अमळनेरहून सुरतेकडे आले, कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर एकाच पाळीला लागले आणि लग्न होईपर्यंत एकाच खोलीत शेजारी शेजारी गोधड्या टाकून झोपले. त्यामुळे भिकनबाबांना बोलायचा हक्क होता.

"तान्याचा धागा तुटला की लूम कशी आपोआप उभी राहते, तसा हा," ते बुंदीचा द्रोण हातात धरून सांगत होते. "घुर्र घुर्र, घुर्र घुर्र, आणि एकदम गप्प. मी लाथ घातली की परत चालू. सहा वर्षं लाथा घातल्या. लग्न झालं तसा चार्ज वहिनीला दिला."

"आणि तू झोपेत शेठला शिव्या द्यायचास, ते सांग की," आप्पा म्हणाले.

"जागेपणी द्यायची सोय होती का?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. पाळण्यातली सरू, म्हणजे आप्पांच्या आईचं नाव मिळालेली सरस्वती, त्या हशाने दचकून रडायला लागली. निघताना चपला घालता घालता भिकनबाबा पुन्हा सुषमाजवळ आले. या वेळी आवाज खाली होता आणि बोली गावाकडची, अहिराणी.

"तू शिकेल शे, म्हनीसन तुले सांगस. हसण्यावारी नको नेऊ."

"बाबा, घोरतात सगळेच," सुषमा म्हणाली आणि सरूला घ्यायला आत गेली.

सुषमाला काळजी करता येत नव्हती असं नाही. उलट काळजी ही तिची ख्यातीच होती. दोन महिन्यांची असताना सरूला निमोनिया झाला, तेव्हा डॉक्टरांनी तिला बाळाचे श्वास मोजायला शिकवलं होतं. सरू बरी झाली, पण सुषमाचं मोजणं थांबलं नाही. बाळाच्या छातीवर तळहात, दुसऱ्या हातात मोबाइलचं घड्याळ. "हिला मुलगी नाही, मीटर झालंय," असं ललित, तिचा नवरा, चारचौघांत म्हणायचा. तीनदा तिने सरूला धावतपळत दवाखान्यात नेलं आणि तिन्ही वेळा काही निघालं नाही. तिसऱ्या खेपेला परत येताना ललित थट्टा न करता म्हणाला, "सुषमा, आता जरा कमी कर. लोक हसतात."

ते तिला लागलं. मनात आलेली प्रत्येक भीती बोलून दाखवायची नाही, असं तिने ठरवलं आणि हा निश्चय नेमका नको त्या ठिकाणी पाळला.

आप्पांचा खोकला दिवाळीपासूनचा. लूमवाल्यांना खोकला असतोच, म्हणून दोन महिने सिरपवर गेले. मग थुंकीत रक्त दिसलं, आणि एक्स-रे, स्कॅन, सुईची तपासणी असं करत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या गाठीला नाव मिळालं. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलाय, तेवढा भाग काढून टाकू, माणूस अजून काटक आहे.

काटक माणूस मात्र तयार नव्हता. आप्पांचे थोरले भाऊ दगा सात वर्षांपूर्वी पोटाच्या ऑपरेशनला आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. "दगाभाऊ पण चालत गेला होता," एवढंच आप्पा म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. सहा आठवडे घरातल्यांनी समजूत काढली. शेवटी त्यांनी सरूला मांडीवर घेऊन सांगितलं, "ठीक आहे. पण एकदाच. तारीख बदलली, पुढे ढकलली, तर मी गावाला निघून जाईन. मग मला आणायला कोणी यायचं नाही."

आणि आप्पा बोलले की तसंच करणारे होते.

तारीख मंगळवारची मिळाली. आदल्या आठवड्यात भूल देण्याआधीची तपासणी होती. सुरतच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या नर्सने एक फॉर्म पुढे केला. फॉर्म गुजरातीत आणि इंग्रजीत, म्हणून तो अर्थातच सुषमाकडे आला. घरात बी.एस्सी. तीच.

"दिवसा झोप येते का?" तिने वाचलं.

आप्पा, सासूबाई प्रमिलाबाई आणि ललित तिघंही हसले. चौतीस वर्षं रातपाळी केलेल्या माणसाला हा प्रश्न. आजारपणात काम सुटलं तरी शरीर पाळी सोडत नव्हतं. रात्री उंबऱ्यावर बसून राहायचे आणि सकाळी दहाला जे पडायचे ते चारपर्यंत. "लिही, लूमवाला आहे," आप्पा म्हणाले. सुषमाने 'नाही'वर खूण केली. दिवसा झोपणं हे काही लक्षण नव्हतं, ती तर नोकरी होती.

"मोठ्याने घोरतात का?"

"बाई, आमच्या गल्लीत ढग गडगडले तरी ऐकू येत नाहीत," प्रमिलाबाई म्हणाल्या. तेही खरंच होतं. घराची मागची भिंत लूमच्या कारखान्याचीच होती. भिंतीवरचं कॅलेंडर रात्रंदिवस खिळ्यावर थरथरायचं. घरातली सगळी माणसं मोठ्याने बोलायची आणि दवाखान्यात तशीच बोलली की लोक वळून बघायचे. तिथेही 'नाही'.

शेवटचा प्रश्न होता: झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिलं आहे का?

सुषमाचं पेन थांबलं. बुंदीचा द्रोण, भिकनबाबांचा खाली आलेला आवाज. तिने वर पाहिलं. प्रमिलाबाईंनी तोंड उघडल्यासारखं वाटलं. पण ललित बघत होता, तीच नजर, आता-हिचं-काय-निघतं अशी. मागे रांग होती. नर्स म्हणाली, "बेन, जल्दी करो ने."

सुषमाने 'नाही'वर खूण केली आणि खाली सही केली.

*

सोमवारी संध्याकाळी पाचला भरती व्हायचं होतं. दुपारी प्रमिलाबाई साड्यांचं गाठोडं परत द्यायला गेल्या. साड्यांचे सुटलेले धागे कापायचं काम त्या घरी आणायच्या आणि आता आठ-दहा दिवस दवाखान्यात जाणार, म्हणून हिशेब मिटवून यायचं होतं. एरवी या वेळी त्या आप्पांच्या गादीशेजारी बसलेल्या असायच्या. मांडीवर साडी, हातात कात्री आणि एक पाय लांब पसरून थेट आप्पांच्या कमरेला टेकवलेला. गुडघा दुखतो म्हणून पाय पसरतात, अशी सुषमाची समजूत होती.

सव्वाएकला वीज गेली.

आधी पंखा थांबला, मग भिंतीपलीकडची एकेक लूम. खटखट विरळ होत गेली आणि एकदम काहीच उरलं नाही. कॅलेंडर भिंतीला चिकटून स्थिर झालं. लग्न होऊन या घरात आल्याला चार वर्षं झाली होती, पण दुपारचा असा आवाज सुषमाने कधी ऐकला नव्हता. कुठेतरी कुकरची शिटी. सरूचं दूध ओढणं. आणि पडद्यापलीकडे आप्पांचं घोरणं, भिकनबाबांनी सांगितलं होतं तसंच, घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

आणि मग गप्प.

सुषमाचा हात आधी सरूच्या छातीवर गेला. सवयच ती. छाती वर, खाली. सरू ठीक होती. म्हणजे शांतता इकडची नव्हती.

तिने मोबाइल उचलला. घड्याळातले सेकंद पळत होते. दहा. पंधरा. एवढ्यात सुरू होईल, होतंच ना कुणाचंही. वीस. पडद्यामागे काहीही हललं नाही. पंचवीसला ती सरूला छातीशी धरून उठली. तीसला तिने पडदा बाजूला केला.

आप्पा उताणे पडले होते. पोट वरखाली होत होतं, जोर लावत होतं, पण नाकातोंडाजवळ हात नेला तर वारा नव्हता. कुणीतरी आतून दार लावून घेतल्यासारखं. ओठांचा रंग जांभळट दिसत होता, की पडद्याच्या उजेडाने तसा वाटत होता, तिला कळेना. छत्तीस. सदतीस.

"आप्पा."

अडतीसला आप्पांनी एकदम मोठा श्वास घेतला, पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा. डोळे अर्धवट उघडले.

"काय व?"

"काही नाही. वीज गेली."

"मंग झोपू दे ना, माय," म्हणत ते पुन्हा गेले. दोन मिनिटांत घुर्र घुर्र सुरू. चार मिनिटांत पुन्हा गप्प.

अर्ध्या तासात असं अकरा वेळा झालं. सुषमाने तिसऱ्या वेळेपासून व्हिडिओ काढला. मोबाइल पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला आणि सरूला घेऊन जमिनीवर बसून राहिली. प्रत्येक वेळी वाटायचं, आता नाही होणार सुरू. प्रत्येक वेळी व्हायचं. पण उद्या भूल दिल्यावर? नंतर दुखू नये म्हणून गाढ झोपेचं औषध दिल्यावर, तेही अर्ध्या कापलेल्या फुप्फुसावर?

आणि फॉर्मवर तिची सही होती.

तिने बारडोलीला भिकनबाबांना फोन लावला. ते आता तिथे साखर कारखान्याजवळ एका खोलीत राहायचे, वॉचमनचं काम करायचे.

"बाबा, बारशाला म्हणाला होतात ते. झोपेत बंद पडण्याचं. किती वेळ पडायचे?"

"आम्ही कुठे मोजत होतो, पोरी. घाबरलो की लाथ मारायची. उद्या ऑपरेशन ना त्याचं? तू डॉक्टरला सांगितलंस ना हे?"

"सांगते," सुषमा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

*

ललित कतारगामहून, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून आला, तेव्हा तिने त्याला दाराबाहेर नेऊन व्हिडिओ दाखवला. वीज आली होती, लूम सुरू झाल्या होत्या. त्यामुळे तिला ओरडूनच सांगावं लागलं आणि आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून कानाशी लागून ओरडावं लागलं.

त्याने व्हिडिओ अर्धाच पाहिला. "घोरतायत."

"पूर्ण बघा."

त्याने पाहिला. मग मोबाइल परत देऊन बराच वेळ गाडीच्या आरशाला लागलेली धूळ पुसत राहिला.

"आता सांगितलं तर काय करतील?"

"तपासतील. कदाचित पुढे ढकलतील."

"आणि आप्पा गावाला जातील. तिथे गाठ वाढत बसेल. सुषमा, एकदाच म्हणालेत ते. तुला माहितेय."

"माहितेय."

"डॉक्टर लोक आहेत. मशीन लावतात. त्यांना कळेलच की."

"त्यांना कळायला फॉर्म दिला होता," सुषमा म्हणाली. "तो मी भरला."

या वेळी ललितच्या डोळ्यांत ती नजर नव्हती. "आधी आप्पांना सांगू नको," एवढंच म्हणाला.

पाचला ते दवाखान्यात पोचले. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता. प्रमिलाबाईंच्या हातात डबा. वॉर्डच्या टेबलावरची नर्स म्हणाली, फॉर्म भरलेला आहे, भुलीचे डॉक्टर सकाळी भेटतील.

"मला आत्ता भेटायचंय."

"बेन, सगळं बरोबर आहे. शांती राखो."

"बरोबर नाही. मी चुकीचं लिहिलंय."

हे ती लूमच्या गल्लीतल्या आवाजात बोलली. बाकावरचे सगळे वळले. एरवी ती शरमेने मेली असती. आज तिने सरूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि टेबलापासून हलली नाही. दोनदा तिला बसायला सांगितलं, दोन्ही वेळा ती म्हणाली, बसते, डॉक्टर आल्यावर. पाऊण तासाने भूल देणाऱ्या डॉक्टरबाई जिन्याने खाली आल्या, घरी जायची पर्स खांद्याला लावलेली. त्यांनी उभ्याउभ्याच व्हिडिओ बघायला घेतला. मग पर्स खाली ठेवली आणि बसल्या. पूर्ण बघितला.

"फॉर्मवर तर तिन्ही ठिकाणी 'नाही' आहे. कोणी भरला?"

"मी."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या खांद्यावर झोपलेल्या सरूकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "दिवसा झोप येते का, यालाही 'नाही'?"

"रातपाळीवाले आहेत. आम्हाला वाटलं, दिवसाच झोपणार ना."

"सकाळी डोकं दुखतं?"

"झोपेतून उठल्यावर रोज बाम लावतात."

"ही झोपेत श्वास अडण्याची तक्रार आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कॅन्सरचा पेशंट थकलेला, पेंगुळलेला असला की तो आजारामुळेच, असं आम्हीही धरून चालतो. विचारायचं राहून जातं. हे माहीत नसताना भूल दिली असती, वर दुखण्याचं औषध..." त्यांनी मोबाइल परत दिला. "उद्या नाही करता येणार. झोपतील तेव्हा यंत्र लावून तपासू, मग काही दिवस मास्क लावून झोपवू. त्यानंतर ऑपरेशन. आठवडा, दहा दिवस."

मागे कुणीतरी डबा उचलल्याचा आवाज झाला. आप्पा उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. शेवटचं तरी नक्कीच.

"चला," ते म्हणाले. "तारीख बदलली. घरी चला."

"आप्पा, ऐका तर," ललित म्हणाला.

"मी ऐकलं होतं. तुम्ही ऐकलं होतं का? एकदाच म्हणालो होतो." ते लिफ्टकडे न जाता जिन्याकडे वळले. सावकाश, पण थांबणाऱ्या माणसासारखे नाही. आपण गप्प राहून त्यांना मारणार होतो आणि आता बोलून मारतोय, असं तिला वाटलं.

प्रमिलाबाई जागच्या हलल्या नाहीत. बाकावरूनच, आहेत त्या आवाजात म्हणाल्या, "तीस वर्षं लाथ मारते मी तुम्हाला."

आप्पा थांबले. अख्खा वॉर्ड थांबला.

"काय बोलते व?"

"भिकन भाऊजींनी लग्नातच सांगितलं होतं, वहिनी, हा थांबला की ढकलायचं. म्हणून पाय लावून बसते. कानाने कुठे कळतं आपल्याकडे? पायाला कळतं. पोट वेडंवाकडं ओढायला लागलं की मी टाच मारते. दिवसातून किती वेळा, मोजलं नाही. तुम्ही झोपेतच असता."

"मला नाही कधी सांगितलंस."

"त्यात काय सांगायचं? घोरणारा माणूस. मला वाटलं, सगळ्यांच्या बायका मारत असतील." कुणीतरी फिसकन हसलं. प्रमिलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी आतल्या काचेच्या दाराकडे बोट दाखवलं, जिथे नातेवाइकांना प्रवेश नव्हता. "उद्या तुम्ही तिथं आत असता. माझा पाय पोचला असता का तिथपर्यंत?"

आप्पा त्या दाराकडे पाहत राहिले. त्यांच्या मनात दगाभाऊ असणार, चालत गेलेला. सुषमाने पाहिलं, त्यांचा हात जिन्याच्या कठड्यावर घट्ट होता आणि मग तितका घट्ट राहिला नाही.

"मास्क लावला की तू मारायची थांबशील?" त्यांनी विचारलं.

"बघू," प्रमिलाबाई म्हणाल्या. "सवय आहे."

ते परत येऊन बाकावर बसले. सुषमाकडे न बघता त्यांनी सरूला घ्यायला हात पुढे केले.

*

त्या तपासणीत आप्पांचा श्वास तासाला चाळीसच्या वर वेळा अडत होता, असं निघालं. मास्क पहिले दोन दिवस त्यांनी चार-चारदा काढून फेकला. तिसऱ्या दिवशी सलग पाच तास झोपले आणि उठून म्हणाले, डोकं दुखत नाहीये, काहीतरी बिघडलंय. अकराव्या दिवशी ऑपरेशन झालं. त्यानंतर आत असताना श्वास मंदावला म्हणून यंत्र दोनदा वाजलं. नर्सला आधीच सांगून ठेवलं होतं, ती उशाशी उभी होती. तिसऱ्या दिवशी आप्पा काचेच्या दारातून बाहेर आले. चालत.

अजून औषधं आहेत, तपासण्या आहेत. पुढचं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण रोज दहाला आप्पा मास्क चढवतात, सरू त्याच्या नळीकडे झेपावते आणि प्रमिलाबाई साडीचे धागे कापत बसतात, पाय लांब करून. आता गरज नाही, असं सुषमाने एकदा सांगून पाहिलं. "असू दे," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर सुषमाने बारडोलीला फोन केला. भिकनबाबा खूश झाले, भटूला शिव्या सांग म्हणाले. ठेवता ठेवता तिने विचारलं, "बाबा, तुम्ही पण रातपाळीच करता ना? दिवसा झोपल्यावर तुमच्याजवळ कोण असतं?"

"कोण असणार, पोरी?"

येत्या रविवारी ललित आणि ती बारडोलीला जाणार आहेत. दुपारचे, ते झोपलेले असताना, मुद्दाम.

हल्ली सुषमा भेटेल त्याला हेच विचारते, लोक हसले तरी, आणि हे वाचणाऱ्यालाही विचारायला ती कचरत नाही. तुमच्या घरात, शेजारात एखादं आजारी माणूस असेल, थकलंय म्हणून झोपू दिलेलं. आज ते झोपलं की पंखा, टीव्ही, सगळं पाच मिनिटं बंद करा आणि जवळ जाऊन बसा. नुसतं ऐका. आवाज थांबलाच, तर मोजा, आणि डॉक्टरला सांगा. आणि ते माणूस एकटं झोपत असेल, तर कुणालातरी तिथं पाठवा. नाहीतर तुम्हीच जाऊन या.